अतिनवताऱ्यांचा शोध : पहिल्या काही तासांची शर्यत

दूरच्या एखाद्या सर्पिल दीर्घिकेत ताऱ्याचा स्फोट होतो, तेव्हा त्याची पूर्वसूचना कोणालाही मिळत नाही. स्फोटाआधी तारा कसा होता आणि अखेरच्या काळात त्याचे काय चालले होते, हे सांगणाऱ्या खुणा मात्र काही तासांत, फार तर काही दिवसांत पुसल्या जातात. त्यामुळे अतिनवताऱ्यांच्या अभ्यासात स्फोटानंतरच्या वेधांइतकेच महत्त्व स्फोटापूर्वीच्या साध्यासुध्या छायाचित्रांना आले आहे.

१९ मे २०२३ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री अकराच्या सुमारास, जपानमधील हौशी आकाशनिरीक्षक कोइची इटागाकी यांनी ‘एम १०१’ या दीर्घिकेचे छायाचित्र घेतले. ही दीर्घिका सप्तर्षी तारकासमूहात आहे. सप्तर्षींच्या शेपटीतील वसिष्ठ आणि मरीची हे दोन तारे घेतले, तर त्यांच्या पूर्वेला या दोघांशी जवळपास समभुज त्रिकोण करणारा एक अंधुक धुरकट ठिपका मोठ्या दुर्बिणीतून दिसतो. तीच ही दीर्घिका. तिच्या एका बाहूत, पूर्वीच्या छायाचित्रांत नसलेला एक प्रकाशबिंदू इटागाकी यांना आढळला. त्याची तेजस्विता त्या वेळी सुमारे १४.९ प्रतीची होती. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या मापनात प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि नुसत्या डोळ्यांची मर्यादा साधारण सहाव्या प्रतीपर्यंत असते. म्हणजे हा बिंदू डोळ्यांच्या आवाक्यापलीकडचा होता. परंतु पुढील काही दिवसांत तो तीसपटींहून अधिक उजळला, सुमारे अकराव्या प्रतीपर्यंत पोहोचला आणि मध्यम आकाराच्या दुर्बिणींतूनही दिसू लागला.

शोधाची वार्ता पसरताच त्याच रात्री त्याचा वर्णपट घेण्यात आला आणि तो एका प्रचंड ताऱ्याचा स्फोट असल्याचे स्पष्ट झाले. ‘एसएन २०२३ आयएक्सएफ’ या नावाने ओळखला जाणारा हा अतिनवतारा, अर्थात सुपरनोव्हा, गेल्या अनेक वर्षांतील सर्वांत जवळच्या अतिनवताऱ्यांपैकी एक ठरला. ‘जवळचा’ हा शब्द अर्थातच सापेक्ष आहे. त्याचा प्रकाश पृथ्वीपर्यंत यायला दोन कोटींहून अधिक वर्षे लागली.

सर्पिल दीर्घिकांवरच पहारा का?

आपली आकाशगंगा ही स्वतः एक सर्पिल दीर्घिका आहे. अशा दीर्घिकांच्या चकतीत वायू आणि धूळ विपुल असते. ती बाहूंमध्ये दाटते आणि तेथे नवे तारे जन्माला येतात. त्यांतील बहुसंख्य तारे सूर्यासारखे किंवा त्याहून लहान असतात व अब्जावधी वर्षे शांतपणे जळत राहतात. परंतु सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचे तारे उधळे असतात. त्यांच्याजवळ इंधन जास्त असले तरी ते वापरण्याचा वेग त्याहून कितीतरी अधिक असतो. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचे मानले जाते, तर या जड ताऱ्यांचे आयुष्य काही कोटी वर्षांतच संपते.

सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी पूर्ण करण्यास वीस कोटींहून अधिक वर्षे लागतात, हे लक्षात घेतले तर जड ताऱ्यांच्या आयुष्याचा तोकडेपणा कळतो. जन्मस्थानापासून फार दूर जाण्याइतका अवधीच त्यांना मिळत नाही. ज्या बाहूत ते जन्मतात, त्याच बाहूच्या परिसरात त्यांचा शेवट होतो. साहजिकच, जेथे नव्या ताऱ्यांची निर्मिती जोमाने चालू आहे, तेथेच ताऱ्यांचे मृत्यूही अधिक दिसतात. ‘एम १०१’मध्ये १९०९, १९५१, १९७०, २०११ आणि २०२३ असे पाच वेळा अतिनवतारे आढळले. ‘एनजीसी ६९४६’ या सर्पिल दीर्घिकेत १९१७ ते २०१७ या शंभर वर्षांत असे दहा स्फोट नोंदले गेले. त्यांपैकी एका स्फोटाच्या स्वरूपाविषयी मतभेद असले, तरी या दीर्घिकेला ‘फटाक्यांची दीर्घिका’ हे नाव शोभून दिसते.

याउलट, साधारण मोठ्या सर्पिल दीर्घिकेत शतकभरात जेमतेम एक ते तीन अतिनवतारे अपेक्षित असतात. आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांना स्पष्ट दिसलेला शेवटचा अतिनवतारा १६०४ सालचा. योहानेस केप्लर यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दुर्बिणीतून आकाश पाहण्यास प्रारंभही झाला नव्हता. शेजारच्या देवयानी दीर्घिकेतील नोंद १८८५ सालची असून त्यानंतर तेथेही दुसरा अतिनवतारा दिसलेला नाही. एकाच दीर्घिकेवर नजर ठेवून बसणाऱ्याचे आयुष्य वाट पाहण्यातच सरेल. म्हणूनच शेकडो, हजारो दीर्घिका पुन्हापुन्हा तपासणे हाच यावरचा उपाय ठरतो.

मृत्यूचे दोन मार्ग

अतिनवताऱ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग जड ताऱ्यांचा. त्यांच्या गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम, मग कार्बन, ऑक्सिजन अशी जड मूलद्रव्ये बनत जातात आणि अखेरीस लोहाचा गाभा तयार होतो. लोहाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. आधार तुटलेला गाभा एका सेकंदाहूनही कमी वेळात कोसळतो आणि त्यातून न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर जन्माला येते. या घडामोडीत निर्माण झालेला आघाततरंग बाहेरचे थर भेदत निघतो. ताऱ्याच्या पृष्ठभागाशी पोहोचायला त्याला काही तास ते सुमारे एक दिवस लागतो. तो पृष्ठभाग फोडून बाहेर पडतो, त्या क्षणी स्फोटाचा पहिला प्रकाश बाहेरच्या जगाला दिसतो.

दुसरा वर्ग श्वेतबटू ताऱ्यांचा. सूर्यासारख्या ताऱ्याच्या मृत्यूनंतर उरलेला हा पृथ्वीएवढ्या आकाराचा, अतिशय घन अवशेष. जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य मिळून किंवा दुसऱ्या श्वेतबटूशी विलीन होऊन त्यात अनियंत्रित अणुसंमीलन सुरू झाले, तर संपूर्ण ताराच उधळला जातो. या प्रकाराला ‘वर्ग १ अ’ म्हणतात. हे स्फोट सर्व प्रकारच्या दीर्घिकांत आढळतात. त्यांची खरी तेजस्विता बऱ्याच अचूकपणे ठरवता येत असल्याने ते विश्वातील अंतरे मोजण्याचे साधन बनले आहेत. याच साधनाच्या आधारे १९९८ साली विश्वाचे प्रसरण वेगाने वाढत असल्याचे निष्पन्न झाले आणि त्या शोधाला २०११ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

दोन्ही वर्गांतील फरक छायाचित्रावरून सांगता येत नाही. त्यासाठी वर्णपट हवा. वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा दिसल्या तर तो वर्ग २ चा, म्हणजे जड ताऱ्याचा स्फोट. हायड्रोजन नसून सिलिकॉनची ठळक खूण असेल, तर तो वर्ग १ अ. स्फोटातून बाहेर फेकलेले द्रव्य सेकंदाला दहा हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते, हेही याच रेषांच्या रुंदीवरून कळते.

पाठांतरापासून संगणकापर्यंत

‘सुपरनोव्हा’ ही संज्ञा शास्त्रीय लेखनात रूढ केली ती वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३४ साली. झ्विकी यांनी पुढे अमेरिकेतील पालोमार पर्वतावर १८ इंची दुर्बीण बसवून दीर्घिकांची पद्धतशीर छायाचित्रे घेण्यास सुरुवात केली. एकाच प्रदेशाच्या दोन वेगवेगळ्या रात्रींच्या काचा शेजारी ठेवून त्यांतील फरक शोधायचा, ही त्यांची पद्धत. या मार्गाने त्यांनी शंभराहून अधिक अतिनवतारे शोधले.

ऑस्ट्रेलियातील धर्मोपदेशक रॉबर्ट इव्हान्स यांनी तर छायाचित्राचाही आधार घेतला नाही. शेकडो दीर्घिका आणि त्यांच्या आसपासच्या ताऱ्यांची रचना त्यांना मुखोद्गत होती. घराच्या आवारातील दुर्बिणीला डोळा लावून, एका दीर्घिकेवरून दुसरीवर जात ते काही अधिक दिसते का, एवढेच पाहत. केवळ डोळ्यांनी त्यांनी चाळीसहून अधिक अतिनवतारे शोधले. ‘एम ८३’ या सर्पिल दीर्घिकेत १९८३ साली त्यांना सापडलेला अतिनवतारा पुढे एका नव्या उपवर्गाचा आदर्श नमुना मानला गेला.

आज या पाठांतराची जागा संगणकाने घेतली आहे. नव्या छायाचित्रातून जुने छायाचित्र गणिताने वजा केले जाते. स्थिर तारे आणि दीर्घिका पुसल्या जातात आणि जे बदलले आहे तेवढेच उरते. परंतु उरलेला प्रत्येक ठिपका अतिनवतारा नसतो. तो वाटेत आलेला लघुग्रह असू शकतो, आपल्याच आकाशगंगेतील चलतारा असू शकतो किंवा कॅमेऱ्यावर आदळलेल्या वैश्विक किरणाचा डाग असू शकतो. त्यामुळे थोड्या वेळाने दुसरे छायाचित्र घ्यावे लागते. लघुग्रह असेल तर तो तासाभरात जागा सोडतो, आणि डाग दुसऱ्या छायाचित्रात नाहीसा होतो. जागा न सोडणाऱ्या बिंदूची नोंद आंतरराष्ट्रीय सूचीत केली जाते, त्याला वर्ष आणि अक्षरे मिळून बनलेले नाव मिळते आणि जगभरच्या दुर्बिणी त्या दिशेला वळतात.

पालोमार येथीलच ‘झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी’ २०१८ पासून उत्तर गोलार्धातील आकाश दर दोन-तीन रात्रींनी पिंजून काढत आहे. २०२४ च्या अखेरपर्यंत या प्रकल्पातून सापडलेल्या दहा हजारांवर अतिनवताऱ्यांचे वर्गीकरण झाले. एकट्या माणसाने आयुष्य वेचून गाठलेली संख्या यंत्रे आता काही दिवसांत ओलांडतात.

‘काहीच नव्हते’ याचा पुरावा

मग इतके अतिनवतारे हाती असताना एखाद्या जवळच्या स्फोटासाठी एवढी धावपळ का? याचे उत्तर पहिल्या काही तासांत दडलेले आहे. दूरच्या बहुतेक अतिनवताऱ्यांचा पत्ता ते पुरेसे उजळल्यावर लागतो, आणि तोपर्यंत सुरुवातीच्या खुणा नाहीशा झालेल्या असतात.

‘एसएन २०२३ आयएक्सएफ’च्या सुरुवातीच्या वर्णपटात हायड्रोजन, हेलियम, कार्बन व नायट्रोजनच्या अरुंद रेषा दिसल्या. या रेषा स्फोटातील द्रव्याच्या नव्हत्या. ताऱ्याने मृत्यूपूर्वीच्या काळात अवकाशात सोडलेला वायू त्याच्याभोवती दाट आवरणासारखा पसरला होता. स्फोटाच्या झगमगाटात तो क्षणिक उजळला होता. पाठीमागून वेगाने येणाऱ्या स्फोटद्रव्याने ते आवरण गिळल्यावर, सुमारे आठवडाभरात, त्या रेषा मावळल्या. वेध घ्यायला आठ-दहा दिवस उशीर झाला असता, तर हा तारा अखेरच्या काळात मोठ्या प्रमाणावर द्रव्य गमावत होता, हे इतक्या स्पष्टपणे कळले नसते.

त्याहून रंजक आहे ती जुन्या छायाचित्रांची साक्ष. शोध जाहीर होताच अनेक हौशी निरीक्षकांनी आपापली छायाचित्रे तपासली. इटागाकी यांच्या नोंदीच्या बरेच तास आधी घेतलेल्या काही छायाचित्रांत तो बिंदू क्षीण रूपात सापडला, तर त्याआधीच्या छायाचित्रांत तो नव्हता. या दोहोंच्या आधारे पहिला प्रकाश १८ मे रोजी पोहोचल्याचे निश्चित करता आले. हबल आणि स्पिट्झर या अवकाश दुर्बिणींच्या जुन्या संग्रहात तर मूळ ताराच सापडला. तो धुळीने वेढलेला तांबडा महाराक्षसी तारा होता आणि अवरक्त प्रकाशात तो सुमारे एक हजार दिवसांच्या आवर्तनाने कमीजास्त तेजस्वी होत होता. त्याच्या वस्तुमानाविषयी अभ्यासकांत एकमत नसले, तरी दृश्य प्रकाशातील अनेक वर्षांच्या छायाचित्रांत कोणताही मोठा उद्रेक आढळला नाही, ही बाब महत्त्वाची ठरली. तारा द्रव्य गमावत होता, पण त्याचा गाजावाजा नव्हता.

याच दीर्घिकेतील २०११ सालच्या अतिनवताऱ्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. ‘एसएन २०११ एफई’ हा वर्ग १ अ प्रकारचा अतिनवतारा २४ ऑगस्ट २०११ रोजी, स्फोटानंतर अर्ध्या दिवसाच्या आत सापडला. नंतर असे लक्षात आले, की स्पेनच्या मायोर्का बेटावरील अवघ्या ०.४ मीटर व्यासाच्या एका दुर्बिणीने स्फोटानंतर अवघ्या काही तासांनी योगायोगाने याच दीर्घिकेचे छायाचित्र घेतले होते. त्या छायाचित्रात त्या जागी काहीच दिसत नव्हते. स्फोट पावलेला तारा आकाराने थोडा जरी मोठा असता, तरी त्याची तापलेली पृष्ठभूमी त्या वेळी दिसायला हवी होती. ती दिसली नाही, यावरून मूळ ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या त्रिज्येच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी असल्याचे गणित मांडता आले. वर्ग १ अ चे अतिनवतारे श्वेतबटूंच्या स्फोटातून निर्माण होतात, या अनेक दशकांच्या समजुतीला असा भक्कम आधार मिळाला, तोही एका रिकाम्या छायाचित्रातून.

अर्जेंटिनातील रोसारियो शहराचे रहिवासी व्हिक्टर बुसो यांचा योग तर दुर्मीळच म्हणावा लागेल. व्यवसायाने कुलूपकिल्ल्या बनविणारे बुसो २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री घराच्या गच्चीवरील दुर्बिणीला जोडलेला नवा कॅमेरा तपासून पाहत होते. त्यासाठी त्यांनी ‘एनजीसी ६१३’ ही सर्पिल दीर्घिका निवडली आणि अल्प अवधीची अनेक छायाचित्रे घेतली. सुरुवातीच्या छायाचित्रांत काही नव्हते. थोड्या वेळाने घेतलेल्या छायाचित्रांत एक बिंदू उगवला आणि पाहता पाहता उजळू लागला. आघाततरंग पृष्ठभाग फोडून बाहेर पडण्याचा क्षण दृश्य प्रकाशात टिपला गेला होता. या वेधांवर आधारलेला शोधनिबंध २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

इटागाकी यांच्या पदरीही असा एक जुना योग आहे. २००४ साली ‘यूजीसी ४९०४’ या दीर्घिकेत त्यांनी एका अल्पकाळ टिकलेल्या उद्रेकाची नोंद केली होती. दोन वर्षांनी, २००६ साली, नेमक्या त्याच जागी अतिनवतारा प्रकटला. मृत्यूपूर्वी काही तारे मोठ्या उद्रेकातून द्रव्य झुगारून देतात, याचा हा सुरुवातीचा ठोस पुरावा होय. त्या वेळी क्षुल्लक वाटलेली नोंद जपून ठेवली गेली, म्हणूनच दोन घटनांचा दुवा जुळला.

हानले ते खोडद

शोधानंतरचे वेध हे कोणा एका वेधशाळेचे काम नसते. पृथ्वी फिरते, सूर्य उगवतो, ढग येतात. वेधांत खंड पडू नये यासाठी वेगवेगळ्या रेखांशांवर दुर्बिणी असाव्या लागतात. या साखळीत भारताचे स्थान मोलाचे आहे. लडाखमधील हानले येथे, सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर, भारतीय खगोलभौतिकी संस्थेची दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्रा दुर्बीण आहे. तिचे नियंत्रण बंगळूरजवळच्या होसकोटे येथून उपग्रहामार्फत होते. शेजारीच ०.७ मीटर व्यासाची ‘ग्रोथ इंडिया’ ही रोबोटिक दुर्बीण आहे. ती ही संस्था आणि मुंबईची आयआयटी यांचा संयुक्त प्रकल्प आहे. अचानक घडणाऱ्या खगोलीय घटनांचा पाठलाग करण्यासाठीच ती उभारण्यात आली. ‘एसएन २०२३ आयएक्सएफ’चे वेध या दोन्ही दुर्बिणींनी घेतले, तर ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहाने त्याचे अतिनील किरणांतील निरीक्षण केले. त्यांच्या एकत्रित विश्लेषणातूनही ताऱ्याभोवतीच्या दाट आवरणाचीच साक्ष मिळाली.

दृश्य प्रकाश मावळल्यावरही अतिनवताऱ्याची कहाणी संपत नाही. सप्तर्षी तारकासमूहातच ‘एम ८१’ ही सर्पिल दीर्घिका आहे. तेथे मार्च १९९३ मध्ये स्पेनमधील एका हौशी निरीक्षकाला अतिनवतारा सापडला होता. त्याचे द्रव्य आसपासच्या वायूवर आदळून रेडिओ लहरी निर्माण होत राहिल्या. सुमारे नऊ वर्षांनंतर नारायणगावजवळील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीने त्या लहरी टिपल्या. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशांच्या या दुर्बिणीचे आणि अमेरिकेतील रेडिओ दुर्बिणीचे वेध जुळवून भारतीय संशोधकांनी स्फोटाच्या अवशेषातील चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधला. २००४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

छोट्या दुर्बिणींचे भवितव्य

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये आपली पहिली छायाचित्रे जगासमोर ठेवली. ८.४ मीटर व्यासाचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा असलेल्या या वेधशाळेने दहा वर्षांच्या सर्वेक्षणात लाखो अतिनवतारे शोधावेत, अशी अपेक्षा आहे. मग गच्चीवरच्या दुर्बिणीला काही काम उरेल का, हा प्रश्न स्वाभाविक आहे.

त्याचे उत्तर आशादायक आहे. ही वेधशाळा इतकी संवेदनशील आहे, की जवळच्या दीर्घिकांतील तेजस्वी अतिनवतारे तिच्या कॅमेऱ्याला सोसवणारच नाहीत. त्यांचे अचूक मापन लहान दुर्बिणींनाच करावे लागेल. शिवाय, सापडणाऱ्या अतिनवताऱ्यांपैकी थोड्यांचाच वर्णपट घेण्याइतका वेळ मोठ्या दुर्बिणींपाशी असतो. कोणाचा घ्यायचा, हे ठरविण्यासाठी आणि रात्रंदिवस पहारा अखंड ठेवण्यासाठी जगभर विखुरलेल्या निरीक्षकांची गरज राहणारच आहे. मात्र शहरांच्या वाढत्या उजेडाने अंधारे आकाश दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे, आणि महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने तसेही हातचे जातात. त्यामुळे स्वच्छ रात्री जपून वापरण्यावाचून येथील हौशी निरीक्षकांना पर्याय नाही.

एखाद्या सर्पिल दीर्घिकेचे आज घेतलेले छायाचित्र पाहून निरीक्षकाला बहुधा काहीच नवे आढळणार नाही. तरीही तारीख आणि वेळ नोंदवून ते जतन करणे अगत्याचे आहे. उद्या त्याच बाहूत एखादा तारा उजळला, तर त्याचा आदल्या रात्रीपर्यंतचा इतिहास सांगणारा तोच एकमेव कागद असू शकेल.